मेल्या चुन्याची वाफ

चुन्याची कळी हातात दिली की फो साइं ती नुसती तोलायचा. नजर भलतीकडेच, तोंडात विडा, आणि तळहातावर ती पांढरी ढेप वरखाली. मग म्हणायचा, "अर्धा दिवस आग कमी पडली हिला." फोडून बघावं तर आत सुपारीएवढा निळसर दगड तसाच राहिलेला. दगड पुरता भाजला की जवळजवळ अर्ध्या वजनाचा होतो, हे भट्टीवरच्या कुणालाही ठाऊक असतं. पण ते नुसत्या तळहाताला कळावं असं ज्याइंग नदीच्या दोन्ही काठांवर एकाच माणसाच्या बाबतीत म्हटलं जायचं.

न्यौंगवा गावामागच्या डोंगरातून दगड काढायचा, नदीकाठच्या भट्टीत चार दिवस चार रात्री भाजायचा, हे त्याच्या घराण्यात तीन पिढ्या चाललेलं. बापानं त्याला शिकवलं ते थोडक्यात शिकवलं. "दगड तापवला की तापलेला दगड मिळतो. निवला की पुन्हा पहिल्यासारखा. तेवढ्यावर थांबलास तर तू नुसता लाकडं जाळणारा. दगड दगडपण सोडतो तिथवर आग घाल." तेव्हा फो साइं अकरा वर्षांचा होता. कळीचा तुकडा जिभेला लावून बघ म्हणून बापानं सांगितलं, जीभ भाजली, आणि तीन दिवस त्याला मोहिंग्याची पातळ शेवई सुद्धा गिळता आली नाही. जिता चुना काय असतो ते त्याला पुन्हा कुणी सांगावं लागलं नाही.

भट्टीवर दोनच शब्द चालायचे, जिता आणि मेला. भट्टीतून निघालेली कळी जिती. तिच्यावर गार पाणी ओता, ती फुसफुसते, तडकते, फुगते आणि पाणी उकळायला लावते. खाली काटकी पेटलेली नसताना. असा विरवलेला चुना भिंतीला लावला की हवा खात खात काही दिवसांत पुन्हा दगड होतो, हातानं घासा, नखानं खरवडा, सोडत नाही. पण तीच कळी दमट हवेत उघडी राहिली तर गुपचूप मरते. भुगा होतो. रंग तितकाच पांढरा, हाताला तितकाच मऊ. फक्त पाण्यात टाकला तर काही होत नाही. भिंतीला लावला तर वाळतो, चिकटत नाही. कुटलेला खडू आणि तो, दोन्ही सारखेच.

गावातल्या स्तूपाला दरवर्षी भिक्खूंचा पावसाळी वर्षावास संपताना पांढरा हात द्यायचा आणि त्यासाठीचा चुना फो साइंनं दान द्यायचा, हे त्याच्या लग्नापासूनचं. पौर्णिमेला विहाराच्या भोंग्यावरून दात्यांची नावं वाचली जायची. तांदूळ अमक्याचा, तेल तमक्याचं, आणि नावांआधी मानाचं ऊ आणि दॉ लावून, "चुना, ऊ फो साइं आणि पत्नी दॉ न्वे यी." हे वाक्य ऐकताना तो मान खाली घालून बसायचा. न्वे यी म्हणायची, "मान खाली, पण कान बघा कसे टवकारलेत." तिचं खोटं नव्हतं. वर्षाकाठी त्याचं नाव मोठ्यानं घेतलं जायचं ते तेवढंच.

तो साठीला आला त्या वर्षीची गोष्ट.

पावसाळ्याआधीची शेवटची भट्टी त्यानं वैशाखात उतरवली आणि कळी नेहमीसारखी मोठ्या रोगणी रांजणांत भरली. रांजणाचं तोंड मेणकापडानं बांधून वर चिखल थापायचा, की चार महिन्यांच्या पावसातही आत हवा शिरत नाही. पण त्या वर्षी पानवाल्यांची मागणी फार. आज ह्या रांजणातून दोन शेर, उद्या त्यातून चार. दर वेळी चिखल फोडायचा, पुन्हा थापायचा, ह्याचा त्याला कंटाळा आला.

"तोंडं बांधलीत का?" न्वे यीनं दोनदा विचारलं.

"बांधल्यात गं."

नुसती झाकणं ठेवली होती.

पौर्णिमेला आठ दिवस उरले तेव्हा त्यानं पहिल्या रांजणात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. कळी नव्हतीच, भुगा होता. दुसऱ्यात भुगा. सहाव्यापर्यंत तेच. मूठभर भुगा त्यानं वाटीतल्या पाण्यात टाकला आणि वाटीला कान लावला. काही नाही. पिठासारखा गपकन तळाशी बसला. बोट घालून बघितलं, पाणी गारच.

नवी भट्टी लावायची तर सुकं लाकूड नव्हतं; सगळा सरपणाचा ढीग पावसानं भिजलेला. सयाडोंकडे, म्हणजे विहारातल्या मोठ्या भिक्खूंकडे जाऊन सांगायचं, की औंदा चुना नाही, माझ्या आळसानं मेला, एवढंच करण्यासारखं होतं. त्यासाठी तो दोनदा विहाराच्या पायरीपर्यंत गेला सुद्धा. दुसऱ्यांदा सयाडोच समोर आले आणि हसून म्हणाले, "ऊ फो साइं आले की मला कळतं, वर्षावास संपत आला." तो वाकून नमस्कार करून परतला.

त्या संध्याकाळी शाळेतल्या बाई आल्या, सयामा थ्वे. मोलम्याइनहून नव्यानं बदली होऊन आलेल्या, तरुण, उत्साही.

"ऊले," त्या म्हणाल्या. काका म्हणून सगळं गाव त्याला हाक मारायचं तशीच. "सातवीला पदार्थातले बदल शिकवतेय. मेणबत्ती वितळवून दाखवली, मीठ विरघळवून पुन्हा आटवून दाखवलं. पोरांना वाटतं सगळं तसंच. आता मला असं काही दाखवायचंय, की ज्यातून मागं येता येत नाही. चुना विरवाल तेव्हा पोरं घेऊन येऊ?"

न्वे यी शेजारीच उभी होती. "या की! त्यात विचारायचं काय? परवा सकाळी विरवणारच हायेत."

फो साइं म्हणाला, "या."

ठरल्या दिवशी सकाळी न्वे यी बाजाराला गेल्यावर त्यानं चुलीवर भात शिजवायचा मोठा हंडा ठेवला. पाण्याला खळखळून उकळी आली तशी ते परसातल्या लाकडी डोणीत ओतलं आणि वर फळी टाकली. विचार केला असता तर हात थांबले असते, म्हणून त्यानं विचारच केला नाही. नुसता हंडा, पाणी, डोण, फळी.

सतरा पोरं ओळीनं आली. त्यांच्या मागं खिनठे होती. स्तूप रंगवणाऱ्या पाच बायांची ती मुकादमीण, नवरा थायलंडला मासेमारीवर गेला तो परतलाच नाही. चुना न्यायला ती दरवर्षी यायची. तिची पोरगी न्योन्योही त्या सतरा पोरांत होती.

"ऊले, कळी कुठाय? भुगा कसा?" खिनठेनं टोपलीत डोकावून विचारलं.

"कुटून ठिवलाय. पोरांच्या अंगावर कळी तडकली म्हंजे?"

"बघा गं, किती काळजी माणसाला!" ती बाईंकडे बघून म्हणाली.

फो साइंनं फळी उचलली आणि त्याच झटक्यात टोपली उलटी केली. पांढऱ्या धुरळ्यात वाफेचा लोट मिसळून वर आला. पोरं ओरडत मागं सरली. एकानं डोणीत बोट घातलं आणि "आई गं!" करून तोंडात घातलं.

"बघा!" सयामा थ्वेंचा चेहरा फुलला होता. "खाली जाळ आहे का? नाही ना? मग ही ऊब आली कुठून? मीठ पाण्यात नुसतं लपतं. चुना पाण्यात गेला की निराळाच कुणीतरी होतो, आणि तसं होताना ही ऊब बाहेर टाकतो. लिहून घ्या."

पोरं खाली बसून लिहू लागली. फो साइं फावड्यानं ढवळत राहिला. पेन्सिलींचा आवाज त्याला नको इतका ऐकू येत होता.

"ऊले, टाळ्या वाजवूया तुमच्यासाठी?" बाईंनी विचारलं.

"नगं, नगं," तो म्हणाला. पण वाजल्याच.

चार दिवस खिनठेच्या बाया बांबूच्या परांच्या बांधून स्तूपाला पांढरा हात देत होत्या. पाचव्या दिवशी ती रिकामी भांडी परत द्यायला आली आणि दोन्ही पंजे त्याच्यापुढं पसरले. "बघा ऊले. दरसाल पौर्णिमेला माझी बोटं सोललेली असत्यात. औंदा एक फोड न्हाई. लई मऊ चुना दिलात. तुमचं पुण्य लाभलं बघा माझ्या हातांना."

न भाजणारा चुना म्हणजे काय, ते तिला माहीत असायचं कारण नव्हतं. ती दरवर्षी त्याच्याकडून विरवलेला न्यायची, मीठ घालायची, गाळायची, लावायची. त्यानं त्या पंजांकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं झालं." मग घरात जाऊन उगाच पाणी प्याला.

पौर्णिमेला सारं गाव नव्या कपड्यांत. स्तूप दुधानं न्हाऊ घातल्यासारखा. भोंग्यावरून नाव आलं, "चुना, ऊ फो साइं आणि पत्नी दॉ न्वे यी," आणि त्या वर्षी त्याची मान खरोखरच खाली होती. प्रवचनाला म्हातारीकोतारी स्तूपाच्या कठड्याला टेकून बसली, बायकांनी पोरं कठड्यावर बसवली, आणि तासाभरानं सगळे उठले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी खुदकन हसलं.

मग दुसरं. मग हसणं बंद झालं. गडद हिरव्या, जांभळ्या, काळ्या लुंग्यांवर मागून पांढरे पट्टे. जाकिटांच्या पाठी पांढऱ्या. कठड्यावर माणसाच्या आकाराचे काळपट डाग, जुना रंग दिसतोय असे. एका म्हातारीनं तळहात स्तूपावर ठेवला, उचलला, आणि तिच्या पाच बोटांचा ठसा तिथं उघडा पडला.

"हे काय?" ती म्हणाली. "देवाचं अंग माझ्या हाताला लागलं की."

चहाच्या दुकानाचा मालक को पाउक किटलीमागून बोलला, आणि ते वाक्य दुपारपर्यंत गावभर झालं. "खिनठेनं स्तूपाला कुठं लावला? तिनं चुना लावला तो आपल्याला!"

फो साइं तिथल्याच बाकावर बसला होता. सगळे हसले. त्याच्याकडे बघून हसले, की तो तर चुन्यातला जाणता, त्याला जास्त कळेल म्हणून. त्याचा चुना वाईट असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. तीस वर्षांचं त्याचं नाव त्याच्या आणि खऱ्याच्या मध्ये भिंतीसारखं उभं होतं. आणि तो तिच्या आडोशाला बसला होता.

"पाणी लई घातलं आसंल," कुणीतरी म्हणालं. "पाच दिवसांचं काम चार दिवसांत उरकायला."

"रोजंदारीची बाई. तिला काय त्याचं?"

"ऊले, तुमी तर चांगला दिला व्हता ना?"

कप त्याच्या ओठाला होता. त्यानं मान हलवली. होय म्हणून हलवली की नुसती हलली, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण लोकांनी होय धरलं.

तिसऱ्या दिवशी खिनठे आली. हातात गाळायचं कापड, मिठाची पुडी आणि पाणी मोजायची कासंडी. परसात खाली बसून तिनं सगळं त्याच्यापुढं मांडलं.

"ऊले, नदीपल्याडच्या विहाराचं काम मला मिळणार व्हतं. दोन महिन्यांचं. त्यांनी काल निरोप धाडला, नगं म्हणून. म्या काय चुकले तेवढं सांगा. ह्या कासंडीनं पानी. एवढं मीठ. ह्या कापडातनं दोनदा गाळलं. तुमीच शिकवल्यालं, एक थेंब इकडचा तिकडं न्हाई केला. मग का सुटला?"

कासंडीच्या आतल्या अंगाला तिनं खिळ्यानं ओरखडा काढलेला होता, पाणी तिथवर. फो साइं त्या ओरखड्याकडे बघत राहिला. सांगायचं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

"पानी जास्त झालं आसंल," तो म्हणाला.

कासंडी उचलून तिनं तो ओरखडा डोळ्यांजवळ नेऊन बघितला. मग सामान आवरून गेली. त्यानं आयुष्यात केलेलं सगळ्यात वाईट काम ते. हंड्याचं पाणी त्यापुढं काहीच नव्हतं, आणि हे त्याला ती फाटकाबाहेर पडायच्या आतच कळलं होतं. तरी त्यानं हाक मारली नाही.

पुढच्या आठवड्यात सयामा थ्वे आल्या, काखेत परीक्षेचे कागद. हसत होत्या, पण जरा वैतागलेल्या.

"ऊले, एक गंमत. सोळा पोरांनी बरोबर लिहिलंय. चुन्यात पाणी घातल्यावर नवा पदार्थ होतो, ऊब निघते, म्हणजे मागं न येणारा बदल. आणि ही न्योन्यो बघा काय म्हणते." त्यांनी वाचून दाखवलं. "'ऊलेंनी दाखवला तो मागं येणारा बदल होता. फळी उचलली तेव्हा चुना पडायच्या आधीच फळीच्या खालून थेंब गळत होते. पाणी अगोदरच तापलेलं होतं. ते नंतर निवलं. चुन्याचं काहीच झालं नाही.' मी तिला शून्य दिलंय. समजावलं, की आईचं चुकलं म्हणून दुसऱ्यावर ढकलू नये. तर बोलेचना. वर्गात पोरं तिला चिडवतात. तुम्ही एकदा शाळेत येऊन सांगाल का तिला?"

न्वे यी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. हंडा त्या दिवशी जागेवर नव्हता, तळाला ताजी काजळी होती, हे तिनं बघितलेलं होतं. विचारलं नव्हतं. आता तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि लगेच नजर भाजीवर घेतली, जणू उघड्यावर न्हाणाऱ्या माणसावर नजर गेली असावी.

"पोरीचं बरोबर हाय," फो साइं म्हणाला.

"काय?"

"पानी म्या तापवलं व्हतं. चुना मेला व्हता. सगळाच. आठ दिस आधी म्हाईत व्हतं मला."

सयामा थ्वे उभ्याच राहिल्या. त्यांच्या तोंडून आधी निघालं ते एवढंच, "पण ऊले, मी तर पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या." मग त्या कागद गोळा करू लागल्या, आणि घाईत दोन खाली पडले ते त्यानं वाकून उचलून दिले. त्यांनी घेताना त्याच्याकडे बघितलं नाही.

"शाळेत यायचं का मग?" त्यानं विचारलं.

"मी सांगेन त्यांना," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका येऊ."

दोन दिवसांनी उपोसथ होता. विहाराच्या सभागृहात लोक शील घ्यायला बसले होते. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील म्हणताना फो साइं मध्येच थांबला, आणि शेजारच्यांनी वळून बघितलं. शील संपल्यावर तो उठून पुढं गेला आणि गुडघ्यांवर बसला. मनात जुळवून आणलेलं सगळं विसरला. "स्तूपाला दिला तो चुना मेल्याला व्हता," एवढंच मोठ्यानं म्हणाला. "खिनठेनं पानी बरोबर घातलं. मला ठावं असून म्या दिला. तिनं इचारलं तवा बी खोटं बोललो."

को पाउकच्या तोंडातही विनोद आला नाही. त्या वेळी आला असता तर फो साइंला बरं वाटलं असतं.

सयाडो म्हणाले, "जुना थर धुवून काढावा लागेल. त्यावर नवा धरत नाही. बरोबर ना?"

"व्हय."

"मग उद्यापासून काढा."

खिनठे बायकांच्या रांगेत मागं बसली होती. बाहेर चपला शोधताना ती त्याच्यासमोर आली. तो हात जोडायला गेला.

"ऊले," ती म्हणाली, "अकरा दिवस झाले, म्या रोज सकाळी उठून पानी मोजतीय. घरात. रंगवायचं काय बी नसताना. कासंडी भरती, वतती, परत भरती. मला वाटलं, माझे डोळं गेले." तिचा आवाज चढला नव्हता. "पोरीनं पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं व्हतं, आई, पानी आधीच गरम व्हतं. म्या तिला मारलं. म्हटलं, ऊलेंबद्दल आसं बोलायचं न्हाई."

चपला घालून ती गेली.

नऊ दिवस त्यानं एकट्यानं स्तूप धुतला. नारळाच्या काथ्यानं घासायचा, वरून पाणी. पांढरा ओघळ पायऱ्यांवरून खाली यायचा आणि लोक तो ओलांडून आत जायचे. काही जण "जेवलात का?" विचारायचे, कारण आमच्याकडे ते विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. काही जण तेही विचारायचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यानं मान वर केली नाही. चौथ्या दिवसापासून करू लागला, आणि त्याला वाटलं, खाली होती तेच बरं होतं.

मग सुकं लाकूड विकत आणून त्यानं भट्टी लावली. चारऐवजी पाच दिवस आग घातली. गार पाण्यात कळी इतकी तडकली, की आवाज चहाच्या दुकानापर्यंत गेला. बघायला कुणी आलं नव्हतं. चुना विहारात पोचवून तो परतला. रंगवायला खिनठेच्याच बाया आल्या, पण त्याच्या परसात नाही, परस्पर स्तूपावर.

नदीपल्याडच्या विहारानं तिला पुन्हा बोलावलं. कामाला सुरुवात करायच्या दिवशी सकाळी तिची नाव भट्टीसमोरून गेली. पाच बाया, बांबू, दोऱ्या, आणि मधोमध न विरवलेल्या कळीच्या टोपल्या. वरच्या अंगाला दुसऱ्या एका माणसाची भट्टी आहे, तिथून घेतलेल्या. फो साइं काठावर लाकडं रचत होता. टोपल्या उघड्याच होत्या, आणि वल्ह्याचं पाणी उडत होतं. जित्या चुन्यावर पाणी पडलं तर नाव सुद्धा पेटते.

"झाका!" तो ओरडला. "टोपल्या झाका गं! पानी उडतंय!"

नावेतल्या बायांनी ऐकलं. एकीनं खिनठेकडे बघितलं. खिनठेनं पुढं वाकून एका टोपलीतला तुकडा उचलला, नदीत बुडवला आणि हातात धरून बसली. काही क्षणांनी तिनं तो झटकन पाण्यात टाकला, भाजलेला हात लुंगीला पुसला, आणि मग ताडपत्री ओढून घ्यायला सांगितलं.

न्वे यी मागं येऊन उभी राहिली होती. "काय म्हणाली?"

"काय न्हाई," फो साइं म्हणाला. "बघून घेतलं तिनं."

आणि लाकडं रचू लागला.